होयाचे आजार: लक्षणापासून मुळापर्यंत

होयाच्या आजाराचे निदान अवघड वाटते, याचे मुख्य कारण असे की या वेलीच्या पानांवर दिसणारे एकच लक्षण परस्परविरुद्ध अशा दोन कारणांनी उद्भवू शकते आणि एका कारणावर लागू पडणारा उपाय दुसऱ्या कारणात घातक ठरतो. पाणी कमी पडल्याने सुरकुतलेले पान आणि पाणी जास्त झाल्याने मुळे कुजून सुरकुतलेले पान हे वरून पाहता सारखेच दिसते. पहिल्या वेलीला पाण्याची गरज असते, तर दुसरीला तेच पाणी उरलीसुरली मुळे गमावायला लावते. म्हणून लक्षण, ऋतू, कुंडीतील माध्यम आणि मुळांची अवस्था या चार गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय कोणताही उपचार सुरू न करणे, हा होयाच्या बाबतीत पहिला नियम मानावा लागतो. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या तालुक्यांत तर हा नियम अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण तेथील हवामान एकाच वर्षात या वेलीला अतिओल्या आणि अतिकोरड्या अशा दोन्ही टोकांपर्यंत नेते.

वेलीची प्रकृती

होया ही प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा वनस्पतिशास्त्रीय गट, रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये स्थापन केली आणि इंग्लंडमधील सायन हाउसच्या बागेचे प्रमुख टॉमस हॉय यांच्यावरून तिला हे नाव दिले. रुई, मांदार आणि सह्याद्रीतील कंदीलपुष्पे ही तिची नातलग मंडळी होत. पूर्वी या सर्वांचे रुई कुल वेगळे मानले जात असे, आता त्याचा समावेश कण्हेरीच्या, म्हणजे करवीर कुलात केला जातो. पान किंवा खोड तोडताच बाहेर येणारा पांढरा चीक हे या नात्याचे उघड चिन्ह आहे. रोपवाटिकांत विकल्या जाणाऱ्या होया कार्नोसा, होया केरी, होया ऑस्ट्रॅलिस यांसारख्या जाती परदेशातून आलेल्या असल्या, तरी सह्याद्रीला ही प्रजाती परकी नाही. मुंबई इलाख्यात काम केलेल्या एन. ए. डालझेल यांनी १८५२ मध्ये होया रेट्यूसा या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले, तर घाटातील निमसदाहरित जंगलांत झाडांवर चढणाऱ्या होया वायटी या जातीचे वर्णन जे. डी. हूकर यांनी 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथात १८८३ मध्ये केले आणि तिला मद्रास इलाख्यातील वनस्पतिसंशोधक रॉबर्ट वाइट यांचे नाव दिले.

बहुसंख्य होया अपिवनस्पती आहेत, म्हणजे त्या जमिनीत न रुजता दुसऱ्या झाडाच्या खोडावर किंवा फांदीवर वाढतात, मात्र त्या झाडाचा रस शोषत नाहीत. त्यांची मुळे शेवाळात, सालीच्या भेगांत आणि तेथे साचलेल्या पालापाचोळ्यात पसरलेली असतात. पावसाच्या सरीने ती चिंब भिजतात, परंतु सर थांबल्यावर पाणी निथळून जाते आणि वारा त्यांना लवकर कोरडे करतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ही या जीवनपद्धतीतून आलेली गरज आहे. दुसरी बाजू पानांची आहे. होया कार्नोसासह अनेक जाती दिवसा पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची श्वसनाची सूक्ष्म छिद्रे, मिटून घेतात व रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, त्यामुळे पानांतून उडून जाणारे पाणी फार थोडे असते आणि जाड पानांत त्याचा साठा राहतो. मुळांना हवा भरपूर हवी आणि पाण्याचा खप मात्र कमी, या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या की पुढील बहुतेक आजारांचा उलगडा होतो.

भोर-वेल्ह्याचे वर्ष

आता राजगड हे नाव मिळालेला वेल्हे तालुका आणि त्याच्या दक्षिणेकडील भोर तालुका सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडील पठारापर्यंत उतरत जातात. मढे घाट आणि वरंध घाटाच्या परिसरात पावसाचे मान काही हजार मिलीमीटरचे असते, तर नसरापूर आणि कापूरहोळच्या बाजूला ते झपाट्याने घटते. म्हणजे एकाच तालुक्यातील दोन गावांत होयाला द्यावयाच्या पाण्याचा हिशेब वेगळा असतो. घाटाकडच्या गावांत जुलै-ऑगस्टमध्ये हवा दिवसेंदिवस दमट राहते, ऊन क्वचित पडते आणि कुंडीतले पाणी सुकत नाही. मार्च ते मे या काळात दुपारची हवा अत्यंत कोरडी होते आणि पत्र्याच्या छपराखाली टांगलेल्या कुंड्यांना वरून उष्णतेची झळ बसते. डिसेंबर-जानेवारीत गुंजवणी आणि वेळवंडी या नद्यांच्या खोऱ्यांत रात्री थंड हवा तळाशी साचते व पहाटेचे तापमान बरेच खाली येते. दहा अंश सेल्सिअसच्या आसपास उष्ण प्रदेशातील होयांची वाढ थांबते आणि मुळांकडून पाणी ओढले जाणे मंदावते.

मुळे कुजणे, पानांवर बुरशीचे डाग पडणे व फोड येणे हे या दोन तालुक्यांत पावसाळ्याचे आजार आहेत, लाल कोळी, ऊन लागणे आणि कळ्या गळणे हे उन्हाळ्याचे, तर पाने खचून काळी पडणे व थंड ओलीने मुळे सडणे हे हिवाळ्याचे. पिठ्या ढेकूण ही कीड मात्र बाराही महिने आढळते. निदानाच्या वेळी महिना कोणता चालू आहे, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत आधी विचारावा.

सुरकुतलेली पाने: एक लक्षण, दोन कारणे

पाने मऊ पडून त्यांवर उभ्या सुरकुत्या दिसू लागल्यास प्रथम कुंडी उचलून तिचे वजन पाहावे. हलकी कुंडी माध्यम सुकल्याची, तर जड कुंडी ते ओले असल्याची खूण असते. वरचा थर कोरडा दिसूनही आत ओल साचलेली असू शकते, म्हणून बांबूची बारीक काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून काही मिनिटांनी काढावी. ती ओलसर, काळपट आणि कुबट वासाची निघाली, तर पाणी देणे तत्काळ थांबवावे. काडी कोरडी निघाल्यास कुंडी पाण्याच्या घमेल्यात अर्धा तास ठेवून नंतर पूर्ण निथळू द्यावी. केवळ तहानलेली वेल अशा भिजवणीनंतर एक-दोन दिवसांत पाने पुन्हा ताठ करते. ती तशीच लोंबती राहिली, तर पाणी वर नेणारी मुळेच शिल्लक नाहीत असा अर्थ होतो.

शंका उरल्यास वेल कुंडीतून काढून मुळे प्रत्यक्ष पाहण्यावाचून पर्याय नाही. निरोगी मूळ पांढुरके किंवा फिकट तपकिरी, टणक आणि ओढल्यावर न तुटणारे असते. कुजलेले मूळ गडद व लिबलिबीत होते, आणि दोन बोटांत धरून हलकेच ओढले असता त्याची बाहेरची साल सुटून हातात येते व मध्ये केवळ बारीक तंतू उरतो. ही सोपी खूण चुकत नाही. कुजण्यामागे सहसा पिथियम आणि फायटोप्थोरा हे बुरशीसदृश सूक्ष्मजीव असतात; त्यांचे बीजाणू पाण्यात पोहून एका मुळापासून दुसऱ्या मुळाकडे जातात, त्यामुळे साचलेले पाणी त्यांना वाहतुकीची वाटच करून देते. मात्र मूळ दोष हवेच्या अभावाचा असतो. प्राणवायू न मिळालेली मुळे आधी गुदमरतात, पेशी मरू लागतात आणि मग या जीवांना प्रवेश मिळतो.

रोपवाटिकेतून आणलेली होया बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, लावलेली असते. कोकोपीट आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. रोपवाटिकेच्या नियंत्रित छपराखाली ते सोयीचे असते; परंतु तेच रोप वेल्ह्यातील ओसरीवर मृग नक्षत्रापासून भाद्रपदापर्यंत राहिले, तर त्याचे माध्यम कधी कोरडेच होत नाही. कौलारू घराच्या पागोळीखाली टांगलेल्या कुंडीची अवस्था तर याहून बिकट होते, कारण आजूबाजूच्या झाडांना मिळते त्याच्या अनेक पट पाणी छपरावरून एकाच धारेने तिच्यात पडत असते. पावसाळ्यात कुंडी पागोळीच्या रेषेपासून आत सरकवणे, ही कोणत्याही औषधापेक्षा मोलाची काळजी आहे.

कुजलेल्या मुळांवरील उपचार

मुळांचा काही भाग टणक असल्यास सर्व कुजलेली मुळे निर्जंतुक कात्रीने कापावीत, उरलेली मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि वेल सावलीत काही तास, आवश्यक वाटल्यास रात्रभर, उघडी ठेवावी, म्हणजे जखमांतील चीक सुकून त्या मिटतात. चीक डोळ्यांत गेल्यास आग होते, म्हणून हातमोजे वापरणे बरे. त्यानंतर नव्या, मोकळ्या माध्यमात पुनर्लागवड करावी. या भागात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून चांगले माध्यम तयार होते: नारळाच्या शेंड्यांचे तुकडे दोन भाग, लाकडी कोळशाचे तुकडे एक भाग, विटांचा चाळलेला चुरा एक भाग आणि भाताचे काळे होईपर्यंत भाजलेले तूस एक भाग, वर मूठभर चांगले कुजलेले गांडूळखत. भोर-वेल्हे हा भातपिकाचा पट्टा असल्याने गिरणीवर तूस मुबलक मिळते, मात्र न भाजलेले तूस कुंडीत कुजू लागते व नत्र ओढून घेते, म्हणून ते भाजूनच वापरावे. विटांचा बारीक भुगा चाळून टाकला नाही, तर तो तळाशी बसून निचरा बंद करतो. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा किंचितच मोठी असावी, कारण मुळे न पोहोचलेल्या माध्यमातील पाणी कोणीच वापरत नाही.

लागवडीनंतर कॉपर ऑक्सिक्लोराइडचे अडीच ते तीन ग्रॅम प्रति लिटर प्रमाणाचे द्रावण एकदा मुळांशी देता येते. ट्रायकोडर्मा ही हितकारक बुरशी वापरावयाची असल्यास ती ताम्रयुक्त औषधासोबत देऊ नये, कारण तांबे तिलाही मारते. दोन्हींत दोन-तीन आठवड्यांचे अंतर राखावे.

सर्वच मुळे गेली असल्यास वेल वाचवण्याचा मार्ग छाटकलमाचा. खोडाचा हिरवा, टणक भाग निवडून दोन ते तीन पेरांचे, म्हणजे जेथून पाने व मुळे फुटतात अशा गाठींचे, तुकडे करावेत, खालच्या पेराची पाने काढावीत आणि ते पेर ओलसर शेवाळात किंवा कोकोपीट व कोळशाच्या सैल मिश्रणात खोचावे. उबदार, दमट आणि उजेडाच्या जागी काही आठवड्यांत मुळे फुटतात. येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. हृदयाच्या आकाराचे होया केरीचे एकटे पान कुंडीत खोचून विकले जाते. त्याला मुळे फुटतात आणि ते वर्षानुवर्षे हिरवे राहते, परंतु पेराचा तुकडा सोबत नसल्यास त्यातून वेल कधीच निघत नाही. असे पान आजारी नसते, म्हणून त्याला खत किंवा औषध देणे व्यर्थ आहे.

पानांचा रंग, डाग आणि फोड

तळाचे एखादे जुने पान पिवळे होऊन गळणे स्वाभाविक आहे. एकाच वेळी अनेक पाने पिवळी पडल्यास मुळे तपासावीत. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट दिसल्यास लोहाची उणीव संभवते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरी व बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेले असते, आणि ते वर्षभर दिल्याने माध्यम अल्कधर्मी होऊन त्यातील लोह मुळांना घेता येत नाही. कुंडीच्या काठावर जमलेला पांढरा थर ही त्याची खूण होय. अशा वेळी पावसाचे साठवलेले पाणी भरपूर ओतून क्षार धुऊन काढावेत आणि मग चिलेटेड लोहाची सौम्य मात्रा द्यावी.

पानांच्या खालच्या बाजूस खरखरीत, बुचासारखे फोड येणे हा पावसाळ्यातील वारंवार दिसणारा विकार आहे. मुळे पाणी ओढत राहतात, परंतु दमट हवेमुळे बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून होणारे पाण्याचे उत्सर्जन, थंडावते. आतला दाब वाढून पेशी फुटतात आणि जखमेवर बुच तयार होते. हा रोग संसर्गजन्य नसल्याने बुरशीनाशकाचा येथे काही उपयोग नाही. पाणी कमी करून हवा खेळती केली की नवी पाने स्वच्छ येतात; जुने फोड मात्र कायम राहतात.

पिवळी कडा असलेले, खोलगट आणि वाढत जाणारे तपकिरी ठिपके हे सामान्यतः करप्याचे, म्हणजे कोलेटोट्रायकम या बुरशीचे, काम असते. बाधित पाने काढून नष्ट करावीत, पाने रात्री ओली राहणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि प्रसार थांबत नसल्यास मॅन्कोझेब दोन ते अडीच ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात फवारावे. सूर्याकडील बाजूवरच पडलेला पांढुरका, नंतर कागदासारखा होणारा चट्टा हा बुरशीचा नसून उन्हाचा असतो, आणि त्यावर सावली हाच उपाय. उजेड वाढल्याने पान नुसते लालसर-जांभळट झाले असेल, तर तो वनस्पतीने स्वसंरक्षणासाठी केलेला रंगबदल आहे. पानांवर फिकट-गडद नक्षी आणि वेडीवाकडी वाढ एकत्र दिसल्यास विषाणूचा संशय घ्यावा. त्यावर औषध नाही, तो चिकातून कात्रीमार्फत पसरतो, म्हणून अशी वेल नष्ट करावी आणि प्रत्येक झाडानंतर पाते निर्जंतुक करावे.

किडींची ओळख

पेरांच्या खाचांत, पानांच्या देठाशी आणि फुलांच्या दांड्यांवर कापसासारखे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण असतो. औषधांच्या दुकानातील सर्जिकल स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून प्रत्येक पुंजका टिपावा, दुसऱ्या दिवशी वेल धुवावी आणि पाच मिलीलिटर निंबोळी तेल व एक-दोन मिलीलिटर द्रवरूप साबण एक लिटर कोमट पाण्यात घुसळून संध्याकाळी फवारावे. अंड्यांवर या उपायांचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दर सात दिवसांनी किमान तीन-चार वेळा फवारणी केल्याशिवाय उपचार पूर्ण झाला असे समजू नये. पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडींवर वाढणारी बुरशी उत्तम काम करते. तिच्या आगेमागे बुरशीनाशक मारू नये. पिठ्या ढेकूण मुळांवरही राहतो, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारी वेल खुरटत असल्यास कुंडीच्या आतल्या कडेवर पांढरा भुरा थर आहे का ते पाहावे. या किडीचा शत्रू असलेला क्रिप्टोलीमस हा ढालकिडा भारतात १८९८ पासून परिचित आहे आणि महाराष्ट्रातील द्राक्षबागांतही त्याचा उपयोग केला जातो. त्याची अळी पांढऱ्या मेणकट तंतूंनी झाकलेली असल्याने स्वतःच पिठ्या ढेकणासारखी दिसते. भराभर चालणारा, मोठा आणि केसाळ असा 'ढेकूण' दिसल्यास तो मारू नये.

कोवळ्या शेंड्यांवर काळ्या पायांचे, गर्द पिवळे कीटक दाटीने बसलेले आढळल्यास तो रुई-कण्हेरीवरचा मावा होय. त्याच्या माद्या नराशिवायच पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे संख्या काही दिवसांतच प्रचंड वाढते. माळरानावर आणि रस्त्यांच्या कडेला रुई सर्वत्र असल्याने पंख फुटलेला मावा दरवर्षी नव्याने येतो. पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचे सौम्य द्रावण त्याला पुरेसे होते. मावा आणि पिठ्या ढेकूण या दोघांच्या गोड स्रावामुळे मुंग्या येतात व पानांवर काजळीसारखी काळी बुरशी चढते. मुंग्या या किडींची राखण करतात, म्हणून त्यांचा वेलीवर चढण्याचा मार्ग तोडणे हाही उपचाराचा भाग आहे. मात्र होयाची फुले स्वतः विपुल मकरंद गाळतात, तेव्हा फुलोऱ्याखालचा चिकटपणा कीड नसतानाही असू शकतो.

मार्चनंतर पानांवर असंख्य बारीक फिकट ठिपके आणि खालच्या बाजूस जाळी दिसल्यास पांढऱ्या कागदावर पान झटकावे. हलणारे लाल कण म्हणजे कोळी. पानांची खालची बाजू आठवड्यातून दोनदा धुण्याने बहुतेक प्रादुर्भाव आटोक्यात येतो. पाण्यात मिसळणारे गंधक कोळ्यांवर प्रभावी असले, तरी भर उन्हाळ्याच्या उष्णतेत किंवा तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत ते वापरल्यास पाने भाजतात. कोळ्यांचा काळ आणि कडक उन्हाचा काळ येथे एकच असल्याने गंधकापेक्षा पाण्यावर भर देणे शहाणपणाचे.

फुले न येणे आणि कळ्या गळणे

निरोगी वेलीला फुले येत नसल्यास बहुधा उजेड अपुरा असतो. सकाळचे कोवळे ऊन आणि उरलेला दिवस तेजस्वी सावली मिळणारी पूर्वेकडील पडवी होयाला मानवते. नत्रयुक्त खत जास्त झाल्यास पाने वाढतात व फुलोरा लांबतो. याखेरीज एक चूक छाटणीत होते: अनेक जातींत फुलांचा दांडा बहर संपल्यावरही जिवंत राहतो आणि पुढील वर्षी त्याच्याच टोकाला नव्या कळ्या येतात, म्हणून सुकलेली फुले गळाल्यावर उरलेला आखूड दांडा कापू नये. पाने नसलेल्या लांब, सडपातळ फांद्याही कापणे टाळावे, कारण त्या आधार शोधत असतात व पाने त्यांवर नंतर येतात. कळ्या धरल्यावर कुंडी हलवणे, माध्यम पूर्ण सुकू देणे किंवा उष्ण वाऱ्याच्या झोतात ठेवणे यांमुळे कळ्या पिवळ्या होऊन गळतात.

उपचारांचा क्रम आणि रानातील होया

कोणतेही लक्षण दिसले तरी आधी महिना व जागा, मग कुंडीचे वजन, मग मुळे, त्यानंतर पानांची खालची बाजू आणि शेवटी औषध, हा क्रम पाळला तर निम्म्याहून अधिक वेळा औषधाची गरजच भासत नाही. मे महिन्याच्या अखेरीस माध्यम तपासून दाट झालेले बदलणे, पावसाळ्यात कुंड्या आत घेऊन पाणी जवळजवळ थांबवणे, ऑक्टोबरच्या उन्हात सावली धरणे आणि थंडीत केवळ दुपारी थोडे पाणी देणे, एवढ्या चार कामांनी भोर-वेल्ह्यातील होयाचे वर्ष सुरळीत जाते.

याच भागातील ओढ्यांकाठच्या झाडीत आणि देवरायांत अपिवनस्पतींना अजून आसरा मिळतो. पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हापासून त्यांचे मोल अभ्यासकांना ठाऊक आहे. रानातील होया तोडून कुंडीत लावण्याचा मोह म्हणूनच निग्रहाने टाळावा. अशी वेल शेवाळ, वारा आणि आधाराच्या झाडाची साल यांच्याशी इतकी जुळलेली असते की कुंडीत ती सहसा तगत नाही, आणि तिच्या जागी दुसरी उगवण्यास जुनी झाडे व दीर्घ काळ लागतो. घरातील होयाचे कलम ज्याला एका पेरापासून करता येते, त्याला रानातील वेलीला हात लावण्याची गरज उरत नाही.